रुडॉल्फचा उजवा हात : एका प्रतिराजाची पार्श्वभूमी

मर्सेबुर्ग हे पूर्व जर्मनीतले, ‘झाले’ (Saale) नावाच्या नदीकाठचे जुने गाव, लाइपझिगपासून फार लांब नाही. तिथल्या कॅथेड्रलमध्ये माणसाचा एक हात जपून ठेवला आहे. तुटलेला, वाळून चामड्यासारखा झालेला उजवा हात. परंपरा सांगते की तो राइनफेल्डनच्या रुडॉल्फचा. ऑक्टोबर १०८० मध्ये लढाईत तो तुटला, आणि जिंकलेली लढाई त्या एका घावाने हातची गेली. त्याच चर्चमध्ये रुडॉल्फची कबर आहे. तिच्यावर मुकुट घातलेल्या राजाची कांस्यप्रतिमा आहे. तरीही जर्मन राजांच्या बहुतेक याद्यांमध्ये या माणसाला मुख्य रांगेत जागा मिळत नाही. त्याच्यासाठी जर्मन भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘विरोधी राजा’. मराठीत प्रतिराजा म्हणावे लागेल. तोतया मात्र म्हणता येणार नाही, कारण तोतया दुसऱ्याचे नाव घेऊन येतो. रुडॉल्फ स्वतःच्या नावाने, भर सभेत, निवडून राजा झाला होता. अडचण एवढीच की आधीचा राजा जिवंत होता आणि मुकुट उतरवायला तयार नव्हता.

हे घडले कसे, हे समजायचे तर वीसेक वर्षे मागे जावे लागते.

रुडॉल्फचा जन्म १०२५ च्या सुमाराचा. वडील कूनो हे राइनफेल्डनचे काउंट. आज राइनफेल्डन नावाची दोन गावे ऱ्हाइन नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, एक जर्मनीत आणि एक स्वित्झर्लंडमध्ये. मधल्या बेटावर या घराण्याचा किल्ला होता. घराणे चांगले होते, जमीनजुमलाही होता, पण राज्यातल्या पहिल्या फळीतले म्हणावे असे नव्हते. रुडॉल्फला तिथे आणून बसवले ते एका मृत्यूने.

सम्राट हेन्री तिसरा ऑक्टोबर १०५६ मध्ये वारला. मुलगा हेन्री, पुढचा हेन्री चौथा, तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. कारभार विधवा सम्राज्ञी आग्नेसच्या हाती आला. दुसऱ्याच वर्षी स्वाबियाचा ड्यूक निपुत्रिक वारला आणि ते पद रिकामे झाले. स्वाबिया म्हणजे आजची नैर्ऋत्य जर्मनी, जर्मनभाषक स्वित्झर्लंडचा बराचसा भाग आणि आल्सेस. आल्प्समधून इटलीत उतरणारे कितीतरी घाट इथून जायचे. सम्राट व्हायचे तर रोमला जावे लागे, म्हणून स्वाबिया कोणाच्या ताब्यात आहे याला राजाच्या लेखी फार मोल होते.

या पदावर त्सेरिंगनच्या बेर्टोल्डचा दावा होता. तो सांगे, दिवंगत सम्राटाने मला स्वाबियाचा शब्द दिला आहे आणि खूण म्हणून अंगठी दिली आहे. त्याने ती अंगठी सम्राज्ञीपुढे ठेवली, असे बखरकार लिहितो. आग्नेसने अंगठी ओळखली, पण स्वाबिया दिली रुडॉल्फला. बेर्टोल्डची समजूत घालायला १०६१ मध्ये त्याला कॅरिंथिया देण्यात आले. तिथे त्याची सत्ता कधी बसलीच नाही. एका विधवेने घाईत केलेली ही वाटणी पुढची पंचवीस वर्षे राज्याला पुरली.

आग्नेसने असे का केले, याचे उत्तर तिच्या मुलीकडे बोट दाखवते. माटिल्डे ही हेन्री चौथ्याची थोरली बहीण, जन्म १०४८ चा. रुडॉल्फने तिला पळवले आणि आईला लग्नाला व पदाला होकार देणे भाग पाडले, अशी एक हकीकत आहे. दुसरीनुसार वाङ्‌निश्चय रीतसर झाला आणि मुलीला वयात येईपर्यंत कॉन्स्टान्झच्या बिशपाकडे ठेवले. लग्न १०५९ मध्ये झाले हे मात्र पक्के. नवरा तिशी ओलांडलेला, नवरी अकरा वर्षांची. पुढच्याच मे महिन्यात ती वारली. राजकारणाच्या पटावर ठेवलेल्या या मुलीबद्दल इतिहासात याहून जास्त काही उरलेले नाही, हे वाचताना मन थबकते.

त्यानंतर रुडॉल्फने आडेलहाइडशी लग्न केले. ती सव्हॉयच्या घराण्यातली, तुरीनच्या आडेलहाइडची मुलगी. आणि १०६६ मध्ये तरुण हेन्री चौथ्याने तिच्याच बहिणीशी, बेर्टाशी लग्न केले. म्हणजे रुडॉल्फ आधी हेन्रीचा मेहुणा होता आणि मग साडू झाला. दोघांची सासू एक. हे नाते लक्षात ठेवावे, कारण पुढे आल्प्सच्या बर्फात तेच कामी येते.

हेन्रीचे बालपण मात्र घडी विस्कटलेले होते. १०६२ मध्ये कोलोनचा आर्चबिशप आन्नो याने त्याला काइझर्सव्हेर्ट इथे नाव दाखवतो म्हणून बोलावले आणि नाव पाण्यात सोडून दिली. अकरा वर्षांच्या राजाने ऱ्हाइनमध्ये उडी मारली. त्याला पाण्यातून वर काढून पुन्हा नावेत घेतले आणि कोलोनला नेले. त्या दिवसापासून कारभार आन्नो आणि इतर बड्या धर्माधिकाऱ्यांकडे गेला. मोठ्यांवर विश्वास टाकू नये, हा धडा या मुलाने तिथेच घेतला असेल, तर त्याला दोष देता येत नाही. वयात आल्यावर त्याने उमरावांना बाजूला सारून हलक्या दर्जाच्या सेवकांवर भिस्त ठेवली, सॅक्सनीत किल्ल्यांची रांग उभारली आणि त्यांत स्वाबियाची माणसे बसवली. आपल्या जमिनी आणि आपले जुने हक्क जाताहेत, असे सॅक्सन लोकांना दिसू लागले. १०७३ मध्ये ते उठले. हेन्रीला हार्झबुर्गच्या किल्ल्यावरून रात्री निसटावे लागले.

या बंडात रुडॉल्फ कुठे होता? काही काळ दोन्हीकडे. राजाविरुद्ध कट केल्याचा संशय त्याच्यावर आला आणि काही काळाने विरलाही. मग १०७४ मध्ये सॅक्सन शेतकऱ्यांनी हार्झबुर्गवरचे चर्च जाळले आणि राजाच्या भावाच्या व बाळाच्या कबरी उकरल्या. त्या संतापाने सगळे उमराव राजामागे आले. जून १०७५ मध्ये उन्स्ट्रुट नदीजवळच्या लढाईत रुडॉल्फ आपल्या स्वाबियन सैन्यासह आघाडीवर लढला. राजाच्या मोहिमेत पहिला वार करण्याचा मान स्वाबियनांचा, अशी त्यांची जुनी सांगी होती. हेन्री जिंकला. पण जिंकल्यावर त्याने शरण आलेल्या सॅक्सन सरदारांना कैदेत टाकले आणि त्यांच्या जमिनी आपल्या माणसांना दिल्या. शरणागती घडवून आणणारे मध्यस्थ तोंडावर पडले.  माझ्या मते हेन्रीपासून रुडॉल्फ कायमचा दुरावला तो इथे. पोपचे भांडण नंतर आले.

ते भांडण सर्वांना माहीत असलेले, म्हणून थोडक्यात. बिशप नेमायचा अधिकार कोणाचा, राजाचा की चर्चचा, या प्रश्नावर हेन्री आणि पोप ग्रेगरी सातवा यांची जुंपली. जानेवारी १०७६ मध्ये हेन्रीने वर्म्सला बिशपांची सभा भरवून पोपला पायउतार व्हायला सांगितले. फेब्रुवारीत पोपने हेन्रीला धर्माबाहेर काढले, आणि प्रजेला राजाशी केलेल्या इमानाच्या शपथेतून मोकळे केले. वाळीत टाकलेला राजा नवीन नव्हता, पण शपथेतून मोकळीक ही गोष्ट नवी होती. त्या काळचे राज्य कागदावर चालत नव्हते, शपथेवर चालत होते. उजवा हात पवित्र अवशेषांवर ठेवून दिलेला शब्द हाच त्याचा पाया. पोपने तो पायाच उपसला.

ऑक्टोबर १०७६ मध्ये उमराव ट्रिबूरला जमले. ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर ओपनहाइमला हेन्री बसला होता. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर आम्ही तुला राजा मानणार नाही, असे त्याला बजावण्यात आले. पोपने फेब्रुवारीत आउग्सबुर्गला येऊन निवाडा करावा, असेही ठरले. हेन्रीला पोपला आधीच गाठायचे होते. रुडॉल्फ, बव्हेरियाचा वेल्फ आणि कॅरिंथियाचा बेर्टोल्ड यांनी आपापल्या मुलखातले घाट रोखून धरले. तेव्हा हेन्री पश्चिमेला वळला, सव्हॉयमध्ये गेला आणि सासूच्या मुलखातून माँ सनीचा घाट चढला. एका जावयाने दार लावले, सासूने दुसऱ्या जावयाला मागच्या दाराने सोडले. त्याबद्दल तिने मोबदल्यात मुलूख घेतला, असेही सांगतात. जानेवारी १०७७ च्या अखेरीस पोप उतरला होता त्या कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी उभा राहून हेन्रीने माफी मिळवली.

माफी मिळाल्यावर उमरावांच्या हातातले कारण गेले होते. तरीही ते थांबले नाहीत, आणि रुडॉल्फ पोपचे बाहुले होता हे जुने मत इथे कोसळते. मार्चमध्ये ते फ्रँकोनियातल्या फोर्खहाइम इथे जमले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. ९०० मध्ये बालक लुडविग आणि ९११ मध्ये कोनराड पहिला यांची निवड याच गावी झाली होती. पोपचे दोन प्रतिनिधी, दोघांचेही नाव बर्नार्ड, हजर होते. थोडे थांबता आले तर पाहा, पोप येईपर्यंत धीर धरा, असा त्यांचा सूर होता. पण निर्णय तुमचा, असेही ते म्हणाले. १५ मार्च १०७७ रोजी रुडॉल्फ राजा निवडला गेला.

निवड सुरळीत नव्हती. एकेकाने उठून आपापली अट घालायला सुरुवात केली. माझी जहागीर परत दे, माझ्यावरचा अन्याय दूर कर, मग माझे मत. पोपच्या प्रतिनिधीनेच त्यांना अडवले. राजा सगळ्यांचा असतो, एकेकाला वेगळे वचन देऊन घेतलेली निवड ही खरेदी होईल, असे त्याने समजावले. शेवटी सर्वांसाठी मिळून दोन अटी राहिल्या. बिशपांची निवड चर्चच्या नियमांनुसार मोकळेपणाने होऊ द्यायची. आणि राज्य वारशाने जाणार नाही. राजाचा मुलगा लायक असला तरी तो निवडूनच येईल, आणि लोकांना तो नको असेल तर ते दुसऱ्याला निवडतील. रुडॉल्फला मुलगा होता, बेर्टोल्ड नावाचा. त्याने त्या मुलाचा हक्क सर्वांसमोर सोडला.

या दुसऱ्या अटीवर मला थांबावेसे वाटते. अकराव्या शतकातल्या राजघराण्यांच्या जगात, जिथे सहा वर्षांचे पोर राजा होऊ शकत होते, तिथे हे बोलणे साधे नव्हते. हेन्री चौथा हे वारसाहक्काचेच फळ होते, आणि त्याच्या बालपणातल्या लुटालुटीने सगळ्यांचे हात पोळले होते. १३५६ मध्ये सात निर्वाचकांची पद्धत कायद्याने पक्की झाली, त्या वाटेवरचे हे ठळक पाऊल. पण यातच रुडॉल्फचा घातही दडलेला होता. त्याच्या राजेपणाला मागे घराण्याचा आधार उरला नाही. सगळे काही त्याच्या एकट्याच्या देहावर उभे राहिले.

२६ मार्चला माइन्झच्या आर्चबिशप झीगफ्रीडने त्याला राज्याभिषेक केला. त्याच दिवशी शहरात दंगल उसळली आणि नव्या राजाला अन् आर्चबिशपला दोघांनाही माइन्झ सोडावे लागले. ऱ्हाइनकाठचे व्यापारी हेन्रीच्या बाजूचे होते. १०७३ मध्ये वर्म्सच्या लोकांनी पळून आलेल्या हेन्रीला वेशी उघडून आत घेतले, आणि त्याने पुढच्याच जानेवारीत त्यांना जकातीत सूट दिली होती. शहरांना राजाची गरज होती आणि त्यांना हवा तो राजा मिळालेला होता. पाठोपाठ हेन्री इटलीहून परतला, उल्म इथे दरबार भरवून त्याने रुडॉल्फ, वेल्फ आणि बेर्टोल्ड यांची पदे काढून घेतली. रुडॉल्फला आपली स्वाबिया सोडून सॅक्सनीत जावे लागले. ज्या सॅक्सनांना त्याने दोन वर्षांपूर्वी उन्स्ट्रुटकाठी कापले होते, तेच आता त्याचे सैन्य होते. १०७९ मध्ये हेन्रीने स्वाबिया श्टाउफनच्या फ्रेडरिकला दिली आणि आपली मुलगी आग्नेस त्याला देऊ केली. होहेनश्टाउफन घराण्याचा उदय इथून होतो. फ्रेडरिक बार्बारोसा हा याच जोडप्याचा नातू.

तीन वर्षे युद्ध चालले. ऑगस्ट १०७८ मध्ये मेलरिखश्टाटला लढाई झाली, तिथे दोन्ही बाजूंचे सैन्य पळाले आणि दोघांनीही विजय सांगितला. त्याच दिवशी नेकार नदीकाठी हेन्रीच्या बाजूने उभ्या केलेल्या शेतकऱ्यांच्या फौजेला वेल्फ आणि बेर्टोल्ड यांनी मोडले. पकडलेल्या शेतकऱ्यांचे अंडकोश कापण्यात आले, कारण शस्त्र धरणे हा त्यांचा अधिकार नव्हता. राजांच्या लढाईची हकीकत सगळेच सांगतात, पण ही ओळ वाचल्याशिवाय ते युद्ध कसले होते ते कळत नाही. जानेवारी १०८० मध्ये फ्लार्खहाइमला रुडॉल्फची सरशी झाली, पण त्याचा राजभाला हेन्रीच्या बाजूने लढणाऱ्या बोहेमियाच्या व्राटिस्लावच्या हाती लागला.

आणि पोप? तो एवढा सारा काळ दोघांनाही ‘राजा’ म्हणत राहिला. निवाडा मी करीन, असे तो पत्रांतून लिहीत होता. सॅक्सनांनी त्याला कळवळून पत्रे लिहिली, की तुमच्या शब्दावर आम्ही जीव टाकला आणि आता तुम्ही दोन्ही डगरींवर पाय ठेवता. ७ मार्च १०८० रोजी ग्रेगरीने अखेर हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केले आणि रुडॉल्फला राजा मानले. लवकरच हेन्रीचा नाश होईल, असे भाकीतही त्याने केले, असे त्या काळात सर्वत्र बोलले जाऊ लागले. हेन्रीने जूनमध्ये ब्रिक्सनला सभा बोलावून राव्हेन्नाच्या विबर्टला पोप म्हणून पुढे आणले. आता दोन राजे होते आणि दोन पोप.

ऑक्टोबर १०८० च्या मध्याला एल्स्टर नदीजवळ, होहेनमोल्सनच्या परिसरात, शेवटची गाठ पडली. हेन्रीच्या पाठीशी नदी होती आणि पुढे ग्रोना नावाची दलदल. रुडॉल्फचे सॅक्सन लांबची धावपळ करून आले होते, पायदळातले कितीतरी मागे राहिले होते आणि घोडे थकलेले होते. स्वारांपैकी अनेकजण उतरून पायी उभे राहिले. बरोबरच्या बिशपांनी धर्मगुरूंकडून स्तोत्र म्हणवून घेतले. दलदलीच्या दोन काठांवरून दोन्ही सैन्ये एकमेकांना हाका मारत, पलीकडे जायला वाट शोधत काही काळ समांतर चालली. मग भिडली. हेन्रीच्या गोटात विजय झाला म्हणून देवाचे आभार मानणारे गीत सुरू झाले होते, तोवर रुडॉल्फच्या बाजूचा सॅक्सन सरदार नोर्टहाइमच्या ओटोने पायदळ एकवटून बाजी उलटवली. पळणारे एल्स्टरमध्ये बुडाले. आपल्या माणसांना लुटीवर तुटून पडू न देता ओटोने आधी उरलेला शत्रू मोडला, आणि मगच हेन्रीची छावणी लुटू दिली.

लढाई जिंकली होती, पण रुडॉल्फ पोटात खोल वार घेऊन पडला होता आणि त्याचा उजवा हात तुटला होता. त्याला मर्सेबुर्गला आणले. तिथे काय घडले याच्या दोन हकीकती आहेत. सॅक्सन बखरकार ब्रूनो लिहितो की त्याने विचारले, जय कोणाचा झाला. आपला, असे कळल्यावर तो म्हणाला की मग देवाने जे दिले ते मी आनंदाने सोसतो. मिखेल्सबेर्गचा फ्रुटोल्फ लिहितो की त्याने तो तुटलेला हात बिशपांना दाखवला आणि म्हणाला, याच हाताने मी माझ्या धन्याशी, हेन्रीशी, इमानाची शपथ घेतली होती. तुम्ही मला या वाटेने आणले, ती योग्य होती का ते तुम्ही पाहा. खोटी शपथ घेणाऱ्याचा हात तोडायचा, अशी त्या काळची शिक्षा होती. त्यामुळे हेन्रीच्या बाजूच्या लोकांना दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नाही. देवानेच निकाल दिला, असे ते सांगू लागले. पोपचे भाकीतही उलटे फिरले : नाश होणारा राजा हा होता तर. त्याला मारणारा हात नंतर गोद्‌फ्रुआ द बुयाँ याचा ठरवला गेला, जेरुसलेम घेणाऱ्या वीराचा. ती दंतकथा आहे.

राजा गेला आणि जिंकलेल्या पक्षाकडे पुढे करायला कोणी नव्हते. मुलगा होता, पण त्याचा हक्क बापानेच फोर्खहाइमला सोडलेला होता. हेन्रीने सुचवले की तुम्हाला मी नको तर माझ्या मुलाला राजा करा. नोर्टहाइमच्या ओटोने उत्तर दिले की वाईट बैलापोटी वाईट वासरू होताना मी पुष्कळदा पाहिले आहे, मला ना बाप हवा ना मुलगा. खाण तशी माती, असे आपण म्हणतो तेच. दहा महिने गेल्यावर, ऑगस्ट १०८१ मध्ये, साल्मचा हेरमान निवडला गेला. त्याला कधी जम बसवता आला नाही. हेन्री मात्र इटलीत उतरला आणि मार्च १०८४ मध्ये आपल्या पोपच्या हातून सम्राट झाला. ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नोत, परागंदा, वारला.

रुडॉल्फचा मुलगा बेर्टोल्ड १०९० मध्ये निपुत्रिक गेला. मुलगी आग्नेस त्सेरिंगन घराण्यात दिलेली होती, ज्याची अंगठी नाकारली गेली त्याच बेर्टोल्डच्या मुलाला. राइनफेल्डनची मालमत्ता अशा रीतीने त्या घरी गेली, आणि १०९८ च्या तहात स्वाबियाचा दावा सोडून त्सेरिंगनांनी झ्युरिक घेतले. दुसरी मुलगी आडेलहाइड हंगेरीच्या राजा लास्लोची राणी झाली. तिची लेक पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या तख्तावर सम्राज्ञी म्हणून बसली.

कबरीवरची प्रतिमा रुडॉल्फच्या मृत्यूनंतर लवकरच ओतली गेली. युरोपात टिकून राहिलेल्या अशा प्रकारच्या मानवाकृती कांस्य कबरपट्ट्यांत ती सर्वांत जुनी. जवळजवळ दोन मीटर लांब, पूर्वी सोन्याचा मुलामा चढवलेली, डोळ्यांत आणि मुकुटात खडे बसवलेली. मुलामा गेला, डोळ्यांच्या खोबण्या रिकाम्या आहेत. कडेने लॅटिन ओळी कोरल्या आहेत : वाडवडिलांच्या कायद्यासाठी मारला गेलेला राजा रुडॉल्फ इथे आहे, शांततेच्या काळात राज्य करता तर सल्ल्यात आणि तलवारीत चार्ल्सपासून (म्हणजे शार्लमेनपासून) त्याच्या तोडीचा राजा झाला नसता, जिथे त्याचे लोक जिंकले तिथेच तो युद्धाचा पवित्र बळी म्हणून पडला. पोपचे नाव त्यात कुठेही नाही. सॅक्सनांना तो आपल्या कायद्यासाठी मेलेला राजा वाटत होता, आणि त्यांनी तसेच लिहिले.

फ्रायझिंगचा ओटो पुढच्या शतकात एक गोष्ट नोंदवतो. हेन्री मर्सेबुर्गला आला असता कोणीतरी विचारले, की जो राजा नव्हता त्याला राजासारखे इथे का पडू दिले? हेन्री म्हणाला, माझे सगळे शत्रू असेच सन्मानाने पडलेले असते तर बरे झाले असते. त्याचे स्वतःचे काय झाले? पोटच्या मुलाने त्याला ११०५ च्या अखेरीस राज्य सोडायला लावले. पुढच्या ऑगस्टमध्ये तो बहिष्कृत अवस्थेत वारला. त्याची शवपेटी श्पायरच्या कॅथेड्रललगतच्या, अजून पवित्र न केलेल्या एका चॅपेलमध्ये १११० उलटेपर्यंत पडून होती. ११११ मध्ये त्याला बापजाद्यांच्या शेजारी जागा मिळाली.

मर्सेबुर्गच्या कांस्यपट्टीवर रुडॉल्फच्या एका हातात राजदंड आहे आणि दुसऱ्यात क्रूस असलेला गोल. ओतणाऱ्याने दोन्ही हात शाबूत दाखवले आहेत.